विश्लेषण : सैतानाशी करार की दफनभूमीतला रियाज? रॉबर्ट जॉन्सन ब्लूज कसा शिकला?

गिटार हातात घेतलेल्या नवशिक्याला पहिल्या काही आठवड्यांतच ‘बारा बारचा ब्लूज’ भेटतो. त्यापाठोपाठ भेटते रॉबर्ट जॉन्सन हे नाव आणि त्याची प्रसिद्ध आख्यायिका. मिसिसिपीतल्या एका चौरस्त्यावर मध्यरात्री त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारवादनाची कला मिळवली, अशी ही कथा. अवघे २७ वर्षांचे आयुष्य आणि २९ गाणी एवढ्या पुंजीवर जॉन्सन ब्लूजचा सर्वांत गाजलेला चेहरा ठरला. मात्र संशोधकांनी जमवलेल्या नोंदी आणि आठवणींतून दिसणारा जॉन्सन चमत्काराने घडलेला नाही. त्याला गुरू होता, त्याने रियाज केला होता आणि इतरांची गाणी कान देऊन ऐकली होती. त्याच्या आयुष्याच्या अंगाने ब्लूज कसा वाजवतात आणि कसा रचतात, हे समजून घेऊ.

रॉबर्ट जॉन्सन कोण होता?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात हेझलहर्स्ट या गावी ८ मे १९११ रोजी त्याचा जन्म झाल्याचे मानले जाते. आई ज्युलिया, वडील नोआ जॉन्सन. ज्युलियाचे लग्न आधी चार्ल्स डॉड्स या कृष्णवर्णीय जमीनमालकाशी झाले होते. डॉड्स फर्निचर बनवत असे आणि त्याची परिस्थिती बरी होती. गोऱ्या जमीनदारांशी वाद झाल्यावर जमाव जिवावर उठला आणि त्याला गाव सोडून पळावे लागले. मेम्फिस शहरात तो चार्ल्स स्पेन्सर या नावाने राहू लागला. रॉबर्टचा जन्म त्यानंतरचा.

रॉबर्टचे बालपण दोन घरांत गेले. काही वर्षे तो मेम्फिसमध्ये स्पेन्सरकडे राहिला, तिथेच शाळेत गेला. पुढे आईने डस्टी विलिस नावाच्या मजुराशी संसार थाटला होता, तिच्याकडे तो परतला. हे कुटुंब मिसिसिपीच्या डेल्टा भागात रॉबिन्सनव्हिलजवळच्या मळ्यावर कापसाची शेती करी. आपले खरे वडील कोण, हे कळल्यावर त्याने जॉन्सन हे आडनाव लावले.

ब्लूज कुठून आला?

डेल्टातील बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे बटाईने शेती करत. जमीन मालकाची, बियाणे आणि किराणाही त्याच्याच दुकानातून उधारीवर. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि बहुतेकांच्या नावावर पुन्हा कर्जच निघायचे. शेतात काम करताना दिलेल्या हाळ्या, कामाच्या तालावरची गाणी आणि चर्चमधील समूहगान यांतून १९०० च्या आसपास ब्लूज आकाराला आला. बँडप्रमुख डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास टटवायलरच्या रेल्वे स्थानकावर एका माणसाला तारांवर चाकू घासत गिटार वाजवताना ऐकले होते. हँडी यांचा ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची तबकडी खपली आणि रेकॉर्ड कंपन्यांना या संगीताची बाजारपेठ दिसली.

जॉन्सन वाढला तो या काळात. शनिवारी रात्री ‘ज्यूक जॉइंट’मध्ये, म्हणजे दारू, जुगार आणि नाच चालणाऱ्या साध्या खोपटांमध्ये, गिटारवाला पहाटेपर्यंत वाजवत असे. आठवडाभर कापूस वेचण्यापेक्षा एका रात्रीत अधिक पैसे मिळण्याची शक्यता होती. शेतातून सुटण्याचा गिटार हा एक मार्ग होता आणि सावत्र वडिलांना या मुलाने कुदळ धरावी असे वाटत असताना रॉबर्टचे लक्ष त्या मार्गाकडे होते.

त्याची सुरुवात कशी झाली?

घराच्या भिंतीला दोन खिळे ठोकून त्यांवर ताणलेली तार हे डेल्टातील अनेक मुलांचे पहिले वाद्य. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातील बाटली तिच्यावरून सरकवायची. याला ‘डिडली बो’ म्हणतात. रॉबर्टनेही तेच केले. मग तो माउथ ऑर्गन वाजवू लागला आणि त्यात बऱ्यापैकी तयार झाला. गिटार मात्र लगेच वश झाली नाही.

१९२९ मध्ये, १७ वर्षांचा असताना, त्याने व्हर्जिनिया ट्रॅव्हिसशी लग्न केले. एप्रिल १९३० मध्ये बाळंतपणात ती आणि बाळ दोघेही दगावले. चर्चला न मानवणारे, सैतानाचे म्हणून ओळखले जाणारे संगीत वाजवल्याची ही शिक्षा आहे, असे नातेवाईकांपैकी काहींनी म्हटले. संसाराची एक वाट तिथे बंद झाली.

त्याच वर्षी सन हाउस हा नावाजलेला गायक-वादक रॉबिन्सनव्हिलला राहायला आला. जोडीला विली ब्राउन होता. जॉन्सन या दोघांच्या मैफलींना जाऊन बसे. ते विश्रांतीसाठी बाहेर गेले की त्यांची गिटार उचलून वाजवू लागे. ते वाजवणे इतके बेसूर होते, की लोक बाहेर येऊन त्याला थांबवा म्हणत, असे हाउसने पुढे सांगितले. थोड्याच काळात जॉन्सन गाव सोडून निघून गेला.

सैतानाची कथा कशी जन्मली?

जॉन्सन परतला तेव्हा त्याच्या पाठीवर स्वतःची गिटार होती. हाउस आणि ब्राउन यांनी मध्यंतरात जागा दिली, त्याने वाजवायला सुरुवात केली आणि दोघेही थक्क झाले. हाउसच्या आठवणीत मधला काळ सहा महिन्यांचा आहे, चरित्रकारांच्या जुळवणीनुसार तो वर्षाहून अधिक भरतो. इतक्या कमी काळात एवढा बदल कसा, या आश्चर्यातून कथेला वाव मिळाला.

चौरस्त्यावर गिटार जुळवून देणाऱ्या काळ्या आकृतीची गोष्ट दक्षिणेतील लोककथांत आधीपासून होती. ती टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूज वादकाबद्दल त्याच्या भावाने सांगितली होती. आडनाव एकच असल्याने आणि रॉबर्टच्या गाण्यांत चौरस्ता व सैतान येत असल्याने १९६० नंतर ती त्याला चिकटली. त्याच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’ या गाण्यात मात्र आत्म्याचा सौदा नाही. अंधार पडत असताना रस्त्यावर अडकलेला, गाडी न मिळालेला, घाबरलेला माणूस त्यात आहे. त्या काळच्या मिसिसिपीत रात्री अनोळखी रस्त्यावर एकट्या कृष्णवर्णीय पुरुषाने सापडणे किती धोक्याचे होते, हे लक्षात घेतले की या भीतीचे कारण सैतानात शोधावे लागत नाही.

मग तो नेमका कोणाकडे शिकला?

जॉन्सन वडिलांच्या शोधात हेझलहर्स्टच्या परिसरात गेला होता. तिथे त्याची गाठ आइक झिमरमन या वादकाशी पडली. झिमरमन दिवसा रस्तेबांधणीच्या कामावर जाई आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवी. जॉन्सन त्याच्या घरी राहिला. आपल्याकडच्या गुरुकुलाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. रात्री दोघे जवळच्या ब्युरगार्ड येथील दफनभूमीत जाऊन थडग्यांवर बसत आणि वाजवत. कारण साधे होते. तिथे शांतता होती आणि चुकत चुकत वाजवले तरी तक्रार करणारे कोणी नव्हते. झिमरमनच्या मुलीने संशोधकांना ही हकिकत सांगितली.

याच काळात, मे १९३१ मध्ये, त्याने वयाने मोठ्या असलेल्या कॅलेटा क्राफ्टशी लग्न केले. तिच्या आधारामुळे त्याला सरावाला वेळ मिळाला. झिमरमनची स्वतःची एकही तबकडी निघाली नाही. सैतानाची कथा पसरली, तसा हा शिकवणारा माणूस अनेक दशके झाकला गेला. कृष्णवर्णीय कलावंताचे कौशल्य कष्टाने आले असेल, यापेक्षा ते अघोरी मार्गाने आले असेल, हे ऐकणाऱ्यांना अधिक पटले. आख्यायिकेचा खरा तोटा हाच आहे.

बारा बारचा ब्लूज म्हणजे काय?

‘बार’ म्हणजे चार मात्रांचे एक माप. अशा बारा बारांचे, म्हणजे ४८ मात्रांचे, एक आवर्तन होते. त्यात तीनच कॉर्ड लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे राहिलेले तीन स्वरसमूह. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डचे. पुढचे दोन मध्यमाचे, मग दोन पुन्हा षड्जाचे. नवव्या बारला पंचम, दहाव्याला मध्यम आणि शेवटच्या दोन बारांत षड्जावर परत. गिटारवर ‘ई’ पट्टीत वाजवायचे तर या कॉर्ड ई, ए आणि बी अशा येतात. तिन्हींमध्ये बहुधा कोमल निषादासारखा एक जादा स्वर मिसळलेला असतो, त्याला ‘सेव्हन्थ’ म्हणतात. त्यामुळे कॉर्ड पूर्ण विसावत नाही आणि गाणे पुढे ढकलले जाते.

ताल सरळ नसतो. प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले दोन जोडायचे आणि तिसरा सुटा ठेवायचा. ‘लांब-आखूड, लांब-आखूड’ अशी ही चाल ‘शफल’ म्हणून ओळखली जाते. तिसरी गोष्ट म्हणजे ‘ब्लू नोट’. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतानाच गळा आणि तार कोमल गंधाराकडे झुकते, कधी दोन्हींच्या मधेच थांबते. कोमल निषाद आणि तीव्र मध्यमाच्या आसपासही हाच खेळ चालतो. पियानोच्या पट्ट्यांमध्ये न सापडणारी ही जागा गिटारवर तार ओढून किंवा काचेची नळी सरकवून मिळते. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ती चटकन कळते.

जॉन्सनच्या वादनात वेगळे काय होते?

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने जॉन्सनची तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दोन जण वाजवत आहेत, असा त्याचा समज झाला. तसा भास होण्यामागे तंत्र आहे. जॉन्सनचा अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर अखंड ठेका धरतो. त्याच वेळी बोटे वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात. ठेक्यासाठी त्याने पियानोवादकांचा डावा हात गिटारवर आणला. षड्जासोबत आधी पंचम, मग धैवत, पुन्हा पंचम असे आलटून पालटून वाजवले की ‘बूगी’चा ठेका तयार होतो. आज रॉक संगीतात सर्वत्र ऐकू येणारी ही चाल गिटारवर रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

काही गाण्यांसाठी तो तारा वेगळ्या जुळवत असे. उघड्या तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजेल, अशी ही जुळणी. मग बोटात घातलेली नळी तारांवरून सरकवत गळ्यासारखे सूर काढता येतात. ‘कम ऑन इन माय किचन’मध्ये गिटार अक्षरशः गुणगुणते. आवर्तनाच्या शेवटच्या दोन बारांत सुरांची उतरती साखळी वाजवून तो पुढच्या कडव्याकडे वळतो. याला ‘टर्नअराउंड’ म्हणतात आणि त्याच्या अशा काही साखळ्या आजही गिटारच्या वर्गात पहिल्या धड्यांत शिकवल्या जातात. गंमत म्हणजे तो बारा बारांचे गणित काटेकोर पाळत नाही. ओळ लांबली तर अर्धा बार वाढतो. एकट्याने गाणाऱ्याला ती मुभा असते.

गाणी रचण्याची त्याची पद्धत कोणती?

ब्लूजचे कडवे तीन ओळींचे. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला यमकासह उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण शब्द साधारण अडीच बारांत संपतात. उरलेल्या जागेत गिटार बोलते. नमुना म्हणून डेल्टातील बटाईदाराच्या मनातले हे कडवे करून पाहता येईल :

कापूस वेचून झाला, खिसा रिकामाच राहिला,
कापूस वेचून झाला, खिसा रिकामाच राहिला,
मालकाच्या वहीत माझा हिशेब कुणी पाहिला?

पहिल्या ओळीने परिस्थिती सांगितली. दुसऱ्यांदा ती षड्जाऐवजी मध्यमाच्या कॉर्डवर येते, म्हणून शब्द तेच असले तरी ऐकायला वेगळी लागते. तिसरी ओळ पंचमावर सुरू होते, तिथे ताण सर्वाधिक असतो आणि खरी टोचणीही तिथेच ठेवायची असते. शब्द आणि कॉर्ड यांची ही जोडी समजली की रचनेचा पाया समजला.

जॉन्सनने कोऱ्या पाटीवर लिहिले नाही. इंडियानापोलिसचा पियानोवादक-गायक लेरॉय कार, कोकोमो अरनॉल्ड, स्किप जेम्स, लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या त्याने बारकाईने ऐकल्या. स्क्रॅपर ब्लॅकवेलचे ‘कोकोमो ब्लूज’ अरनॉल्डने आपल्या ढंगात गायले, त्यावरून जॉन्सनचे ‘स्वीट होम शिकागो’ झाले. ‘लव्ह इन व्हेन’ची चाल लेरॉय कारच्या गाण्याला जवळची आहे. ‘हेलहाउंड ऑन माय ट्रेल’मागे स्किप जेम्स आहे, तर ‘वॉकिंग ब्लूज’मागे सन हाउस. चाल घ्यायची, शब्द बदलायचे, ठेका स्वतःचा घालायचा, ही ब्लूजमधील मान्य रीत होती.

वेगळेपण होते ते बांधणीत. ज्यूक जॉइंटमध्ये गाणे नाचणाऱ्यांच्या दमावर लांबत असे आणि गायक आठवतील ती कडवी जोडत जाई. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मिळत. जॉन्सनने ही मर्यादा ओळखली. एका विषयावरची चार-पाच कडवी, मधे वेगळ्या चालीचा तुकडा आणि ठरलेला शेवट, अशी गाणी त्याने आधी घडवली. एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली तर बहुतेकदा ती जवळपास सारखी निघतात.

ध्वनिमुद्रण कधी झाले?

दरम्यान जॉन्सन सतत फिरत होता. आर्कान्सामधील हेलेना हे त्याचे एक ठाणे. जॉनी शाइन्स या मित्रासोबत तो शिकागो, न्यूयॉर्क आणि कॅनडापर्यंत गेला. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोक मागतील ते वाजवायचे, ब्लूजच नव्हे तर त्या काळची लोकप्रिय गाणी आणि पोल्कासुद्धा. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो नंतर जसेच्या तसे वाजवत असे, ही त्याच्या सोबत्यांनी सांगितलेली आठवण.

जॅक्सन शहरातील दुकानदार एच. सी. स्पीअर होतकरू कलावंत हेरून कंपन्यांकडे पाठवत असे. त्याच्यामार्फत जॉन्सनची वर्णी लागली. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलात नोव्हेंबर १९३६ मध्ये तीन दिवसांत १६ गाणी मुद्रित झाली. जून १९३७ मध्ये डॅलस येथे आणखी १३. ‘टेराप्लेन ब्लूज’ हे मोटारीच्या रूपकावरचे गाणे त्यातल्या त्यात चालले आणि त्याच्या सुमारे ५,००० प्रती खपल्या. मोबदला एकरकमी होता, रॉयल्टी नव्हती.

ऑगस्ट १९३८ मध्ये ग्रीनवुडजवळच्या एका ज्यूक जॉइंटमध्ये वाजवत असताना तो आजारी पडला आणि १६ ऑगस्टला मरण पावला. मत्सरी नवऱ्याने दारूतून विष दिल्याची कथा सर्वाधिक सांगितली जाते. मृत्युदाखल्यावर डॉक्टर नव्हता, अशी नोंद आहे. त्याच्या नावाचे दगड तीन वेगवेगळ्या दफनभूमींत उभे आहेत.

कीर्ती इतकी उशिरा का?

निर्माते जॉन हॅमंड यांना डिसेंबर १९३८ च्या न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉलच्या मैफलीत जॉन्सन हवा होता. तो गेल्याचे कळल्यावर त्यांनी रंगमंचावरून त्याच्या तबकड्या ऐकवल्या. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची गाणी एका एलपीवर आणली आणि ती ब्रिटनमधील तरुण गिटारवाद्यांच्या हाती पडली. ‘क्रीम’ बँडमध्ये असताना एरिक क्लॅप्टनने ‘क्रॉसरोड्स’ गाजवले, रोलिंग स्टोन्सने ‘लव्ह इन व्हेन’ केले. १९९० मध्ये संपूर्ण ध्वनिमुद्रणांचा संच निघाला, त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्याला ग्रॅमी मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. मूळ छायाचित्रातील ओठांमधली सिगारेट त्यातून वगळण्यात आली. या वारशातून मिळालेला पैसा वारसाहक्काच्या दीर्घ खटल्यानंतर अखेर त्याच्या मुलाकडे गेला. हा मुलगा आयुष्यभर ट्रक चालवत होता.

आज शिकणाऱ्याने यातून काय घ्यावे?

पहिले, एकच पट्टी निवडावी आणि बारा बार न मोजता अंगात येईपर्यंत वाजवावे. बूगीचा ठेका अंगठ्यात बसल्याशिवाय वरच्या तारांवरील सजावटीकडे वळू नये. दुसरे, गाणे आणि वादन एकत्र शिकावे. ओळ गाऊन थांबायचे आणि उरलेल्या जागेत गिटारने उत्तर द्यायचे. नुसत्या वेगाचा सराव केला तर संवाद सुटतो. तिसरे, नोटेशनआधी कान. जॉन्सन तबकड्या ऐकून शिकला. मोबाइलवर आज त्याची सर्व गाणी ऐकता येतात आणि हवी तेवढी संथही करता येतात. चौथे, रचना करताना आधी तिसरी ओळ शोधावी, पहिली तिच्यामागून येते.

पाचवे आणि महत्त्वाचे, शिकवणाऱ्याचे नाव घ्यावे. जॉन्सन आपली तंत्रे लपवण्यासाठी प्रसिद्ध होता, तरी हेलेनात ज्या स्त्रीसोबत तो राहत असे तिच्या मुलाला, रॉबर्ट लॉकवुडला, त्याने समोर बसवून शिकवले. लॉकवुडने पुढे तरुण बी. बी. किंगला गिटारचे धडे दिले आणि तो २००६ पर्यंत वाजवत होता. जॉन्सनच्या तबकड्यांवर पोसलेला मडी वॉटर्स शिकागोला गेला, त्याच्या तालमीत बडी गाय तयार झाला आणि हाच बडी गाय फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या ब्लूज महोत्सवात मुंबईकरांनी ऐकला. दफनभूमीत थडग्यावर बसून झिमरमनने दिलेले धडे असे हातोहात पुढे आले आहेत.